भाताचा विषय निघाला की बाहेर

आमच्या संशोधन केंद्रात कागदपत्रांची सगळी कामं माझ्याकडे असतात. केंद्र म्हटलं की लोकांना काचेची इमारत वगैरे दिसायला लागते. आमचं केंद्र म्हणजे कासार आंबोलीजवळ भाड्यानं घेतलेला एक बैठा बंगला. शेजारच्या बंगल्यांत शनिवार-रविवारी पुण्याहून माणसं येतात, शेकोटी पेटवतात, मोठ्यानं गाणी लावतात. आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार भाताचा वास घेतला जातो.

हे अगदी शब्दशः खरं आहे. आमच्या सरांचा अभ्यास आंबेमोहर भाताच्या वासावर आहे. एका घरात आंबेमोहर शिजला की शेजारच्या घरात कळायचं, असं मुळशीतली जुनी माणसं सांगतात. आता कुकरचं झाकण उघडून आत नाक घातलं तरी कधीकधी कळत नाही. हा वास जातो कुठं? उन्हात वाळवताना उडतो, पोत्यात मरतो, की गिरणीत हरवतो? एवढाच प्रश्न, पण जन्माला पुरून उरेल असं काम. मी विज्ञान शिकलेली नाही. मी बिलं लावते, खरेदी बघते, रजा लिहिते, गॅस संपायच्या आत सिलिंडर मागवते आणि याद्या करते. याद्यांशिवाय मला झोप लागत नाही असं नवरा म्हणतो. ते खोटं आहे. याद्या केल्या की मला झोप लागते.

केंद्रातली तिसरी व्यक्ती म्हणजे आमची संशोधन सहायक. मुळशीतल्याच एका गावची. एम.एस्सी. झालेली, नाक कुत्र्यासारखं तिखट. हे तिचं स्वतःचंच वाक्य आहे, मी घडवलेलं नाही. आमचे प्रयोगाच्या शेतीचे तुकडे तिच्याच गावात होते आणि सरांच्या मार्गदर्शनाखाली तिची पीएच.डी.ही त्याच भातावर चालू होती. तिचा पगार जुन्या निधीतून यायचा आणि तो निधी मार्चअखेर संपणार होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, फवारणीची औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यानं तिला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. पगार आमच्यापेक्षा बरा होता. नवा निधी मिळाला तर ती राहणार होती. नाही मिळाला तर एप्रिलमध्ये बॅग भरून जाणार होती, आणि पीएच.डी. अर्ध्यावर राहणार होती. तिला जायचं नव्हतं. हे ती बोलून दाखवत नसे, पण त्या कारखान्याच्या पत्राला तिनं उत्तरही दिलं नव्हतं.

तर आम्ही नव्या निधीसाठी अर्ज करायला बसलो. निधी देणाऱ्या संस्थेनं या वेळी अर्जात एक वेगळा भाग घातला होता. चमूतल्या प्रत्येकानं आपल्याला बाहेरून मिळणारी सगळी मदत आणि आपले सगळे संबंध जाहीर करायचे. पैसा, वस्तू, जागा, मजुरी, पद. मानधन असो वा नसो, सगळं.

सरांनी तो भाग पाच मिनिटांत भरून माझ्याकडे दिला. सगळीकडे लिहिलं होतं, ‘लागू नाही’.

मी तो त्यांना परत दिला. ‘बाहेर कुठं संबंध आहेत का,’ असं विचारलं की कुणीही नाहीच म्हणतं, हा माझा अनुभव आहे. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ते संबंध वाटतच नाहीत. म्हणून मी तसं विचारतच नाही. मी विचारते, गेल्या काही वर्षांत कुठंकुठं सही केलीत? आधार कार्डाची झेरॉक्स कुणाकुणाला दिलीत? कुणाची वस्तू वापरताय, जिचं भाडं देत नाही? कुठल्या कार्यक्रमात तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतात?

‘पहिल्या रांगेत?’ सर म्हणाले. ‘सोसायटीच्या सभेत. मी खजिनदार आहे ना.’

‘लिहा.’

‘सोसायटीचा भाताशी काय संबंध?’

‘ते त्यांना ठरवू दे. पुढे?’

मग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा सेंद्रिय खताचा धंदा निघाला. सरांचा त्यात एक पैसा नाही. पण मी फोनवर त्या धंद्याची वेबसाइट उघडली, तर ‘आमचे मार्गदर्शक’ या मथळ्याखाली सर हसत होते.

‘अरे!’ सर फोन जवळ घेऊन म्हणाले. ‘हा फोटो माझ्या मेव्हणीच्या लग्नातला आहे. बाजूला बायको होती, तिला कापलंय!’

‘बायकोला कळवू नका. निधीवाल्यांना कळवा,’ मी म्हटलं.

माझंही निघालं. केंद्रातले दोन लॅपटॉप माझ्या नवऱ्याच्या हिंजवडीच्या कंपनीनं वापरून झाल्यावर दिलेले आहेत. कंपनीला मी पत्र लिहिलं होतं आणि पत्र कुणाच्या टेबलावर ठेवायचं ते नवऱ्यानं बघितलं होतं. मी ते लिहून टाकलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, ‘जुनी डबडी दिली, त्याची पण चौकशी?’ मी म्हटलं, डबडी म्हणून लिहीत नाही, लॅपटॉप म्हणून लिहिते.

शेवटी सहायकेची पाळी आली. ती मागच्या अंगणात सुपात भात पाखडत होती. मी स्टूल घेऊन शेजारी बसले.

‘कुठंकुठं सही केलीस?’

‘बँकेत. विद्यापीठात. मैत्रिणीच्या लग्नात, साक्षीदार म्हणून. पळून जाऊन केलं होतं तिनं.’

‘ते नको. आणखी?’

‘आत्याच्या कागदांवर.’

‘कसल्या कागदांवर?’

‘ते काय ते… गावातल्या बायकांची कंपनी काढली ना आत्यानं, शेतकरी उत्पादक कंपनी. पाच नावं लागत होती. चार झाली होती. मी घरी चहा पीत होते, तर आत्या म्हणाली, तू शिकलेली हायेस, कर सही.’

‘कसली पाच नावं?’

सूप हलायचं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते त्याच क्षणी कळलं असावं.

‘संचालक,’ ती म्हणाली. ‘ताई, मी संचालक आहे.’

‘आणि कंपनी काय विकते?’

उत्तर दोघींनाही माहीत होतं. केंद्रातल्या डब्यात त्याच कंपनीचा तांदूळ होता. आंबेमोहर.

सर आत होते. त्यांना आम्ही सांगितलं तर आधी ते हसले. मग त्यांना त्यातलं गांभीर्य कळलं आणि ते खुर्चीत बसले. उद्या आमच्या अभ्यासातून निघालं की याच गावच्या, याच पद्धतीनं वाळवलेल्या भाताचा वास टिकतो, तर त्या कंपनीचा तांदूळ जास्त भावानं जाणार. आणि भाताला वासाचे गुण देणारी आमची सहायकच कंपनीची संचालक! परक्या माणसानं हे वाचलं तर काय म्हणेल, ते सांगायला नको होतं.

‘पण ही काय कंपनी आहे का?’ सर म्हणाले. ‘एक वजनकाटा आणि एक बोर्ड. कुणाला कळणार आहे?’

‘बोर्डवर काय लिहिलंय?’ मी विचारलं.

‘कंपनी,’ सर पुटपुटले.

‘राजीनामा देते,’ सहायक म्हणाली. ‘आजच देते. मग लिहायचा प्रश्नच नाही.’

‘कालपर्यंत होतीस, ते तरी लिहावं लागेलच,’ मी म्हटलं. ‘पण राजीनाम्यानं बाकीचं सोपं होईल. चल, आत्याकडे जाऊ.’

‘आणि सगळं लिहिल्यावर निधी नाही मिळाला तर?’ सरांनी विचारलं. ते तिच्याकडे न बघता विचारलं होतं.

तिनं अजून हातातच असलेलं सूप भिंतीला टेकवून ठेवलं. ‘सर, मी याच गावात राहायला मिळावं म्हणून अर्ज करतेय. लपवून राहिले तर रोज कुणीतरी बोलेल याची भीती घेऊन राहायचं. त्यापेक्षा कारखाना परवडला.’

सरांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून निघालो.

आत्याचं घर गावाच्या वरच्या अंगाला, विहाराच्या शेजारी. पुढच्या खोलीत कंपनीचं ऑफिस. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं, कोपऱ्यात तो वजनकाटा. आत्या कंपनीची अध्यक्ष. सरळ पाठीची, मोठ्या आवाजाची बाई. सहायकेनं राजीनाम्याचं नाव काढलं आणि आत्यानं हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं.

‘राजीनामा? कशापायी?’

भाचीनं समजावून सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बाई, पाचावर कंपनी उभी हाय. ही गेली की चार. चारावर सरकार कंपनी मानत न्हाई. आदुगर एक बाई धरून आना, मग हिला न्या.’

‘दुसरी कुणी नाही का?’

‘हायेत की. एकीचा नवरा नको म्हनतो. एकीला सही करायची भ्या वाटती. एक म्हनती मला पगार किती. तुमी होता का?’

‘मी झाले तर मलाही अर्जात लिहावं लागेल,’ मी म्हटलं.

आत्या हसली नाही. तिला लागलं होतं. ‘म्हंजे आमचं नाव सांगायची लाज वाटती, व्हय ग? एवढी शिकली, आन आमच्यात हाय म्हनायला नको?’

सहायकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मध्ये पडले. ‘आत्या, लाज वाटत असती तर गुपचूप राहिली असती. आम्ही लिहायला आलोय. तुमची कंपनी, तुमचं नातं, सगळं अर्जात लिहायचंय.’

‘लिवणार? सरकारी कागदावर?’

‘सरकारी नाही, पण तसाच. दिल्लीपर्यंत जातो.’

आत्याचा चेहरा बदलला. तिनं पदर नीट केला. ‘मग राजीनामा कशाला? लिवा की. हाय म्हनून लिवा. आन निसतं हिचं काय लिवता? तुमच्या त्या भाताला आमी काय कमी केलं?’

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. भात सावलीत पसरायला विहाराची फरशी दिली, ती विहार समितीला विचारून. वजनकाटा वापरायला दिला. लावणीला बायका आल्या त्या सावडीनं. सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या खाचरात उतरा, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी नाही, हिशेबही नाही, फक्त आपली पाळी विसरायची नाही. सर आणि सहायक दोघेही गेले दोन पावसाळे गावाच्या खाचरांतून वाकून आले होते. सरांची रांग एवढी वाकडी गेली होती की बायकांनी ती उपटून पुन्हा लावली. हेही आत्यानं लिहायला सांगितलं.

मी लिहीत होते. दारात दोघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक कंपनीची संचालक, तिच्या घरी टेम्पो.

‘काय चाललंय?’

‘भातवाल्यास्नी कुनी काय दिलं त्याची यादी,’ आत्या म्हणाली.

‘माजं लिवलं का?’

‘तू काय दिलंस?’

‘टेम्पोतनं पोती नेली न्हवं पौडापोत्तर? फुकाट!’

‘बरूबर हाय. लिवा बाई, टेम्पो.’

‘आन मी चा पाजला,’ दुसरी म्हणाली. ‘दर येळंला.’

‘चहा नको,’ मी म्हटलं.

‘का नको? दुदाचा हुता!’

चहा शेवटी मी लिहिला. तो अर्जात गेला नाही, पण कागदावर उतरल्याशिवाय ती दारातून हलली नसती. आम्ही निघेपर्यंत आणखी तीन घरं येऊन गेली. चौथ्या घरातली म्हातारी काही दिलं नव्हतं म्हणून हिरमुसली आणि सहायकेच्या हातात पावटे भरलेली पिशवी ठेवून म्हणाली, ‘आता लिव.’

आम्ही सगळं अर्जात लिहिलं. संचालकपद, आत्याचं नातं, विहाराची फरशी, काटा, टेम्पो, सावड. लपवलं नाही म्हणजे काम संपलं असं नसतं. आता काय करणार तेही सांगावं लागतं. ते माझ्या आवाक्यातलं होतं. मी सुचवलं की भाताचे नमुने मी डब्यांत भरेन आणि डब्यांवर नुसते आकडे घालेन. कुठला आकडा कुठल्या खाचरातला, ते माझ्या कपाटात. सहायकेनं वास घ्यायचा, गुण द्यायचे, पण आपण कुणाचा भात हुंगतोय ते तिला शेवटपर्यंत कळणार नाही. आणि कंपनीच्या बैठकीत भाताचा विषय निघाला की तिनं उठून बाहेर जायचं. सरांना हे फार आवडलं. ‘तुम्ही संशोधन करायला हवं होतं,’ ते म्हणाले. मी म्हटलं, मग सिलिंडर कुणी मागवला असता?

मुलाखत व्हिडिओवर होती. केंद्रात वीज असते तेव्हा इंटरनेट नसतं, म्हणून आम्ही ती हिंजवडीजवळ जांब्याला आमच्या फ्लॅटवरून दिली. जेवणाच्या टेबलाशी सर, सहायक आणि मी. नवऱ्याला घरून काम होतं. त्याला मी आतल्या खोलीत बसवलं आणि तीन गोष्टी सांगितल्या: मिक्सर नाही, शिंक नाही, ‘काय झालं’ विचारायला बाहेर येणं नाही.

समितीत तिघं होते. शास्त्राचे प्रश्न सरांनी छान निभावले. मग जाड चष्म्याच्या बाईंनी पान उलटलं आणि सहायकेचं नाव घेतलं. तिनं टेबलाखाली माझा हात धरला होता, तो दुखेपर्यंत दाबला.

‘आपण ज्या कंपनीच्या संचालक आहात, तिच्या अध्यक्ष आपल्या आत्या?’

‘हो.’

‘कंपनीत आणखी कुणी नातेवाईक?’

‘एक मावशी लागते, दोघी लांबच्या वहिनी.’ ती थांबली. ‘गाव लहान आहे, मॅडम.’

त्यांच्यातल्या एका गृहस्थांना सावडीचं कोडं पडलं होतं. ‘हे तुम्ही काय लिहिलंय? ही मजुरी आहे का?’

‘नाही.’

‘मग देणगी?’

‘नाही,’ सहायक म्हणाली. ‘देणगी परत करायची नसते. ही करावी लागते.’

‘म्हणजे कर्ज?’

‘कर्ज फिटतं, सर. ही फिटली तर लोक विचारतील, काय चुकलं आमचं?’

गृहस्थांनी पेन उचललं, काही लिहायला गेले आणि पुन्हा ठेवलं. चष्म्याच्या बाईंच्या ओठांवर किंचित हसू आलं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.

‘भाताचा विषय निघाला की तुम्ही बैठकीतून बाहेर जाणार, असं म्हणता. कंपनी भाताशिवाय काय विकते?’

‘नाचणी. पोहे.’

‘पोहे कशाचे?’

सरांनी छताकडे पाहिलं.

‘भाताचेच,’ ती म्हणाली.

‘म्हणजे तुम्ही बहुतेक वेळ बाहेरच असणार.’

‘हो मॅडम,’ ती म्हणाली. ‘पायरी आहे बाहेर. बसेन.’

आतल्या खोलीतून शिंक आली. मी ती ऐकली नाही असं दाखवलं. समितीनंही तसंच दाखवलं.

त्यानंतर वाट बघणं. मार्च महिना तसा कामाचा असतो, पण त्या मार्चमध्ये कामं उरकेचनात. सहायकेनं कारखान्याला लिहिलं की महिनाअखेर सांगते. मी माझ्या दोन याद्या तयार ठेवल्या: निधी आला तर काय करायचं आणि नाही आला तर काय करायचं. दुसऱ्या यादीत पहिलीच ओळ होती, ‘तिचा निरोपसमारंभ’. ती ओळ लिहून मी यादी उलटी करून ठेवली आणि पुढे काही लिहिलं नाही.

पत्र आलं तेव्हा ती विहाराच्या फरशीवर पोत्यातला भात पुन्हा पसरत होती. मी फोन केला.

‘ताई, आधी एक सांगा, बसू की उभी राहू?’

‘नाच,’ मी म्हटलं.

निधी मिळाला होता. अट एकच होती. कंपनीच्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त आम्ही संस्थेला पाठवायचं आणि भाताचा विषय सुरू झाल्यावर ती बाहेर गेली व संपल्यावर आत आली, अशी त्यात नोंद हवी. तिनं त्याच संध्याकाळी कारखान्याला नकार कळवला. सरांनी पेढे आणले. पेढे कुणी दिले असं कुणीही विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं, ‘स्वतःच्या पैशानं आणलेत.’

कंपनीला इतिवृत्त लिहायची सवय नव्हती. आजवरच्या सगळ्या बैठकांची नोंद एकच होती: ‘चर्चा झाली व सर्वानुमते ठरले.’ म्हणून पहिल्या बैठकीला कसं लिहायचं ते दाखवायला मी गेले. पाचही संचालक आत्याच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या.

‘पयला इषय, भाताचा दर,’ आत्या म्हणाली आणि भाचीकडे बोट केलं. ‘ऊठ. भाईर.’

सहायक उठली आणि पायरीवर जाऊन बसली. मी वेळ लिहिली. दराची चर्चा झाली, चांगली झाली. मग तिला आत बोलावलं.

‘दुसरा इषय, टेम्पोचं भाडं.’

टेम्पोवालीनं घसा साफ केला. ‘डिझेल वाढलंय. माज्या मालकाचं म्हननं…’

‘थांब,’ आत्या म्हणाली. ‘टेम्पो कुनाचा?’

‘आमचा. म्हाईत न्हाई व्हय?’

‘मग तू हितं काय करतीस? भाईर हो.’

‘मी? मी कुटं पीएच.डी. करतीया?’

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, नेम काय म्हनतो? जिचा फायदा ती भाईर, असंच न्हवं?’

नियम संस्थेनं आमच्यासाठी घातला होता, सगळ्यांसाठी नव्हे. पण ते चुकीचं आहे असं कसं सांगू? मी म्हटलं, ‘तसं केलं तर चांगलंच.’

टेम्पोवाली पाय आपटत बाहेर गेली आणि खिडकीशी उभी राहिली. भाड्याचा आकडा कमी निघाला की बाहेरून ‘परवडत न्हाई!’ अशी आरोळी यायची.

‘बाई भाईर गेली, तोंड आतच ऱ्हायलं,’ सतरंजीवरची एक म्हणाली. ‘लिवा त्ये बी.’

भाडं ठरलं. टेम्पोवाली आत आली, बसली, आणि तिनं विषयांचा कागद आत्याच्या हातातून काढून घेतला. कागद नीट वाचला. मग एकदम गोड आवाजात म्हणाली, ‘तिसरा इषय. ऑफिसच्या खोलीचं भाडं.’

‘व्हय,’ आत्या म्हणाली. ‘लाइटबिल लई येतंया…’

‘खोली कुनाची?’

आत्यानं भिंतींकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, स्वतःच्या चुलीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

‘माजं घर हाय ह्ये,’ ती म्हणाली.

‘म्हनून तर,’ टेम्पोवाली म्हणाली. ‘ऊठ. भाईर.’

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी वहीत डोकं घालून वेळ लिहीत असल्याचं सोंग केलं. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली. चालत गेली, स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडला आणि पायरीवर बसली. पाठ नेहमीसारखीच सरळ.

आता अध्यक्षाच्या जागी कुणी बसायचं? टेम्पोवाली म्हणाली, ‘भाचीनं. हिचं खोलीत काय न्हाई. भात न्हाई, टेम्पो न्हाई.’

‘नात्याचं काय?’ मी विचारलं.

‘नातं तर आमचं बी हाय,’ बाकीच्या दोघी म्हणाल्या. ‘मग काय सगळ्याच भाईर बसू?’

तेही खरं होतं. नातं आहे असं मी इतिवृत्तात लिहिलं, आणि सहायक आत्याच्या जागी सरकून बसली. तिनं विषय वाचला, लाइटबिल मागितलं, गावातल्या दुसऱ्या खोल्यांचं भाडं किती ते विचारलं, दोघींचं ऐकलं, तिसरीला बोलायला लावलं. आत्याच्या बाजूनं ती एक शब्दही बोलली नाही. एप्रिल लागला होता. कारखान्यात रुजू व्हायची तारीख दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती आणि ती इथं लाइटबिलावरचे युनिट मोजत होती.

बाहेरून आत्याचा आवाज आला. ‘काय ठरलं ग?’

‘थांब ना आत्या,’ सहायक मान वर न करता म्हणाली. ‘बाहेरच्यांना नंतर सांगतात.’